सैनिकी शाळांची कुळकथा

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या मंडळाच्या कार्यालयात एक प्रश्न हटकून येतो. "मुलास सैनिकी शाळेत घालावयाचे आहे, कोणती शाळा उत्तम?" विचारणारे गृहस्थ बहुधा तालुक्याच्या गावी नोकरी किंवा छोटी दुकानदारी करणारे असतात. मुलगा पाचवीत असतो, त्याने कोठे तरी संचलन पाहिलेले असते, आणि घरातील मंडळींनी त्याच्या गणवेषाचे स्वप्न त्याच्यापेक्षाही अधिक रंगविलेले असते. चिटणिसांनी हे काम आम्हांवर सोपविले, कारण आमचा सारा जन्म शाळेत गेला आणि आमच्या हातून काही मुले अशा शाळांच्या परीक्षांस बसली. प्रत्येकास निराळे उत्तर देत बसण्यापेक्षा स्मरणिकेच्या द्वारे सर्वांस एकदाच सांगावे, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ह्या प्रश्नात एक मोठी गफलत दडलेली आहे. 'सैनिकी शाळा' हे एका शाळेचे नाव नाही, किंवा एका जातीच्या शाळांचेही नाही. ह्या नावाखाली निदान चार निरनिराळी कुळे नांदत आहेत. प्रत्येकाचा संस्थापक वेगळा, काळ वेगळा आणि मुख्य म्हणजे ज्या मुलासाठी ती काढली तो मुलगाही वेगळा. शाळेच्या जन्माच्या वेळी जो मुलगा संस्थापकांच्या डोळ्यांपुढे होता, त्याची छाया तिच्या प्रवेशाच्या नियमांवर आजही पडलेली दिसते. म्हणून शाळा निवडण्यापूर्वी तिचा इतिहास वाचावा, असे आमचे मत आहे.

प्रथम सर्वांत जुने कूळ पाहू. 1901 साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या व सरदारांच्या मुलांसाठी 'इंपीरियल कॅडेट कोअर' नावाची तुकडी काढली आणि तिचे ठाणे डेहराडूनास झाले. ह्या राजपुत्रांस घोडा, तलवार व दरबारी शिष्टाचार लाभले, परंतु इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचा अधिकार काही लाभला नाही. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याने जे रक्त सांडले त्याची भरपाई म्हणून 1918 पासून इंग्लंडातील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांस दरसाल 10 जागा मिळू लागल्या. मात्र तेथे गेलेली आपली मुले मोठ्या संख्येने नापास होऊ लागली. बुद्धीत ती कमी नव्हती. तेथील इंग्रज मुले लहानपणापासून निवासी शाळेत वाढलेली. आपल्या मुलांना ती भाषा, ते खेळ, ते जेवणाचे मेज, सारेच नवे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी डेहराडूनास कॅडेट कोअरच्याच जुन्या जागी 'प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज' उघडले. 13 मार्च 1922 रोजी खुद्द युवराजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज त्यालाच 'राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज' म्हणतात. नाव कॉलेज असले तरी ती शाळाच आहे.

ह्या एका शाळेतून जनरल थिमय्या निघाले, जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर निघाले, आणि परमवीरचक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्माही निघाले. फाळणीनंतर पाकिस्तानच्या सैन्याचे व वायुदलाचे जे प्रमुख झाले त्यांतही ह्याच शाळेचे विद्यार्थी होते. आज तेथे राजपुत्र असण्याची अट अर्थातच नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साडेअकरा ते तेरा वर्षे वयाच्या मुलांस आठवीत घेतात, आणि साऱ्या देशातून एका सत्रास सुमारे 25 मुले निवडली जातात. ह्या 25 जागा राज्याराज्यांत वाटल्या जातात, ह्यावरून चुरस किती असेल ते वाचकांनीच ताडावे. मूळचा साचाही टिकून आहे. इंग्रजीत सहज बोलणारा व तोंडी परीक्षेत न डगमगणारा मुलगा तेथे उजवा ठरतो. मराठी शाळेतील हुशार मुलगा तेथे जाऊच शकत नाही असे नाही, पण त्याची तयारी दोन वर्षे आधी सुरू झाली पाहिजे.

दुसरे कूळ अगदी वेगळ्या मातीतले. अधिकाऱ्यांसाठी डेहराडून, तर शिपायांच्या मुलांसाठी काय? ज्या युवराजाने डेहराडूनचे दार उघडले त्याच्याच हातून 1922 मध्ये जालंदर व झेलम येथे 'किंग जॉर्ज' नावाच्या शाळांचा पाया घातला गेला. पुढे 1930 मध्ये अजमेर, 1945 मध्ये बेळगाव व 1946 मध्ये बंगळूर येथे त्यांची भावंडे झाली. फाळणीत झेलम पलीकडे गेले, जालंदरची शाळा फिरत फिरत 1960 मध्ये सिमल्याजवळच्या चैल येथे स्थिरावली, आणि 1962 मध्ये धोलपूरची भर पडली. ह्याच आजच्या 'राष्ट्रीय मिलिटरी स्कूल' नावाच्या पाच शाळा. हवालदार-सुभेदारांच्या मुलांनी शिकावे व बापाच्या पलटणीत त्याच्याहून वरच्या पायरीवर चढावे, हा त्यांचा मूळ उद्देश होता.

येथे आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने एक कटू गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. 1857 नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचे एक थोतांड उभे केले. कोणी पलटणीत यावे आणि कोणी येऊ नये, हे त्यांनी जन्मावरून ठरविले. ज्या महार शिपायांनी कंपनी सरकारची चाकरी पिढ्यानपिढ्या केली त्यांचीही भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, आणि महार रेजिमेंट उभी राहावयास 1941 साल उजाडले. ज्यांची भरती नाही त्यांची मुले शिपायांच्या मुलांसाठीच असलेल्या शाळेत कोठून जाणार? आपल्या ज्ञातीतही लष्करी पेन्शन घेणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यामुळे बेळगाव एवढे जवळ असूनही त्या शाळेचे नाव आमच्या लहानपणी कोणाच्या तोंडी ऐकू आले नाही. आज ह्या शाळांत इतरांनाही प्रवेश आहे, पण सुमारे 70 टक्के जागा जवान व कनिष्ठ अधिकारी ह्यांच्या मुलांसाठी राखलेल्या असतात. म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या घरी सेवेतील वा निवृत्त जवान असेल त्यांनी हीच शाळा प्रथम पाहावी. इतरांनी अर्ज अवश्य करावा, पण केवळ तिच्याच भरवशावर बसू नये.

तिसरे कूळ लोकांनी आपल्या हिमतीवर उभे केले, आणि ते प्रामुख्याने महाराष्ट्रातले आहे. पुण्यास शिवछत्रपतींचे स्मारक व्हावे म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. 1921 मध्ये त्याची कोनशिला बसली, 1928 मध्ये शिल्पकार करमरकरांनी घडविलेल्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, आणि 1932 मध्ये त्याच परिसरात 'श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल' सुरू झाले. पुतळा उभारून थांबले नाहीत, जोडीला शाळा काढली, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. त्याच 1932 साली डेहराडूनास इंडियन मिलिटरी ॲकॅडमी उघडली आणि अधिकारी होण्यासाठी इंग्लंडास जाण्याची गरज संपली. आता प्रश्न होता तो योग्य मुले पाठविण्याचा. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे ह्यांना हाच ध्यास लागला होता. ते नेत्रवैद्य होते व बोअर युद्धाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेतही जाऊन आले होते. गोलमेज परिषदेहून परतताना 1931 मध्ये त्यांनी इटलीतील तरुणांच्या संघटना पाहिल्या व मुसोलिनीचीही भेट घेतली. त्या राजवटीची पुढे काय गत झाली ते सर्वांस ठाऊकच आहे, आणि तिचे गोडवे गाण्याचे कोणास कारण नाही. 1935 मध्ये डॉक्टरांनी संस्था स्थापिली व 1937 मध्ये नाशिकास भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. पलटणीची परंपरा नसलेल्या घरांतील मुलांनाही हे दार उघडे होते, हा ह्या कुळाचा विशेष होय.

पण लोकाश्रयावर चालणाऱ्या शाळेचा खर्च पालकांस सोसावा लागतो, आणि येथेच आजच्या काळातील धोका आहे. नाशिक-पुण्याच्या जुन्या संस्थांविषयी आमचे हे म्हणणे नाही. परंतु त्यांचे अनुकरण करून 'सैनिक', 'कॅडेट', 'डिफेन्स' अशा पाट्या लावणाऱ्या पुष्कळ खाजगी शाळा व शिकवणी वर्ग गावोगावी निघाले आहेत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशाच एका शाळेसाठी दोन एकर बागाईत गहाण टाकली. तेथे मुलास गणवेष मिळाला, पहाटे कवायत मिळाली. गणिताला मात्र वर्षात तीन शिक्षक बदलले. मुलगा दहावीस परत आला तेव्हा त्यास साधे बीजगणित येत नव्हते. एका पाटीवर विसंबून कोणी जमीन गहाण टाकू नये, एवढ्याकरिता ही हकीकत सांगितली.

आता चौथे कूळ, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. स्वातंत्र्यानंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली व 1955 च्या जानेवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. परंतु तेथे येणारी मुले मोजक्याच प्रांतांतली व मोजक्याच सुखवस्तु घरांतली असत. हा असमतोल दूर करण्यासाठी तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन ह्यांच्या काळात 'सैनिक स्कूल' योजना निघाली. जमीन, इमारती व शिष्यवृत्त्या राज्याने द्याव्यात आणि प्राचार्यादी लष्करी अधिकारी केंद्राने द्यावेत, अशी तिची रचना ठरली. देशातील पहिली सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी सुरू झाली ती आपल्या साताऱ्यास! यशवंतराव चव्हाण तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आणि पुढच्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. 2009 ते 2011 ह्या काळात वायुदलाचे प्रमुख असलेले प्रदीप वसंत नाईक हे साताऱ्याच्याच शाळेचे विद्यार्थी. 2019 मध्ये चंद्रपूरलाही अशी शाळा झाली.

सामान्य घरातील मुलासाठी मुद्दाम काढलेली अशी ही एकच शाळा, असे आम्ही समजतो. 67 टक्के जागा त्या त्या राज्यातील मुलांस, त्यांत अनुसूचित जाती-जमातींस राखीव जागा, 2021-22 पासून इतर मागासवर्गीयांस 27 टक्के, आणि पालकाच्या उत्पन्नाप्रमाणे राज्याची शिष्यवृत्ती, ह्या साऱ्या तरतुदी त्या मूळ हेतूतून आल्या आहेत. असे असूनही शुल्काचा बोजा लहान नाही. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडण्यास विलंब होतो अशी तक्रार काही पालक आमच्याकडे करतात, म्हणून पहिल्या वर्षाची तजवीज अगोदर करून ठेवावी. प्रवेश सहावीत व नववीत होतो. सहावीसाठी 31 मार्च रोजी वय 10 ते 12 असावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी निम्मे तरी हे वय उलटून गेल्यावर येतात! दाखल्यावरील जन्मतारीख मुलगा चौथीत असतानाच पाहून ठेवावी. 2021 पर्यंत अशा 33 शाळा होत्या. त्यानंतर केंद्राने राज्ये व खाजगी संस्था ह्यांच्या भागीदारीने 100 नव्या सैनिक स्कूल काढण्याचे ठरविले. ह्या नव्या शाळा त्या त्या संस्थेनेच चालवावयाच्या आहेत, म्हणून साताऱ्याची शाळा आणि शेजारच्या गावची भागीदारीची शाळा एकच समजू नये; संस्थेची जुनी कीर्ती विचारून घ्यावी. ह्याशिवाय महाराष्ट्र शासनाने 1995 च्या सुमारास जिल्हावार सैनिकी शाळांचे धोरण आखले होते. त्या शाळा राज्य मंडळाच्या आहेत आणि साताऱ्याच्या शाळेशी त्यांचा संबंध नाही.

पण निवासी शाळेत न जाताही हा मार्ग मोकळा आहे, हे सांगितल्यावाचून आमचे निवेदन अपुरे राहील. डेहराडूनच्या ॲकॅडमीच्या पहिल्याच तुकडीतले फील्ड मार्शल माणेकशा नैनितालच्या एका साध्या निवासी शाळेत शिकले होते. 2019 च्या अखेरीस सेनाप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेचे. प्रबोधिनीच्या परीक्षेत सैनिक स्कूलचा मुलगा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुलगा ह्यांस एकच प्रश्नपत्रिका मिळते, आणि मुलाखतमंडळापुढे पाच दिवस दोघांचीही सारखीच पारख होते. दहा वर्षांचे पोर आईवाचून झोपत नसेल तर त्यास जबरदस्तीने वसतिगृहात ढकलण्याचे कारण नाही. अशांसाठी आपल्या शासनाने 1977 मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तेथे दहावीनंतर दोन वर्षे ठेवून मुलांची प्रबोधिनीसाठी तयारी करून घेतात. ही सोय आपल्या ज्ञातीत फारच थोड्यांना माहीत आहे.

राहता राहिल्या मुली. गेल्या वर्षी दोन मातांनी त्यांच्याविषयी विचारले होते. ह्या चारही कुळांच्या संस्थापकांपुढे बहुशः मुलगाच होता. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीने 1997 मध्ये पिरंगुटच्या बाजूस राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा काढली, तोवर आपल्याकडे मुलींना असे दार नव्हतेच. सैनिक स्कूलांपैकी मिझोरममधील एका शाळेने 2018 मध्ये प्रथम मुली घेतल्या, 2021-22 पासून सर्व सैनिक स्कूलांत त्यांस प्रवेश मिळू लागला, आणि डेहराडूनच्या जुन्या शाळेत त्या 2022 मध्ये पोहोचल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खडकवासल्याचे दारही उघडले, आणि 30 मे 2025 रोजी 17 मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. ह्या दोन्ही मातांच्या कन्या ह्या वर्षी पाचवीत आहेत. साताऱ्याच्या परीक्षेच्या अर्जाची माहिती आम्ही त्यांस कळविली आहे. आणखी कोणास हवी असल्यास मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी आम्ही असतो. मुलाचा वा मुलीचा जन्माचा दाखला सोबत आणावा.