विभक्त की अविभक्त?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळामास्तराने काय करावे, हा प्रश्न आमच्या गावाला दरवर्षी पडतो. कोणी शेतावर जातात, कोणी लग्ने जुळवतात. मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसतो. तिथे ज्या कपाटाला कोणी हात लावीत नाही, त्यात काही वर्षांपूर्वी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडले. पाठीचे चामडे गेलेले, पाने पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे इंग्रजी म्हणजे माझ्या दृष्टीने दगडाची डाळ. तरी कोश मांडीवर घेऊन मी ते उघडले, आणि सुट्टी संपेपर्यंत ते काही मला सोडवेना.

पुस्तक होते रेमंड वेस्ट आणि योहान गेऑर्ग ब्यूलर या दोघांनी केलेला हिंदू कायद्याचा संग्रह. वारसाचा भाग १८६७ साली निघाला, वाटणीचा १८६९ साली. वेस्टसाहेब पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. ब्यूलर हे जर्मन पंडित १८६३ साली एल्फिन्स्टन कॉलेजात पौर्वात्य भाषा शिकवावयास आले होते. पण पुस्तकाचे खरे मानकरी हे दोघे नव्हेत. मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या अदालतींत सरकारने नेमलेले शास्त्री असत. न्यायाधीशाने त्यांना प्रश्न घालावा आणि शास्त्र्यांनी धर्मग्रंथांचा आधार देऊन उत्तर द्यावे, अशी वहिवाट होती. ती प्रश्नोत्तरे म्हणजेच हे पुस्तक. एकामागून एक प्रश्न, खाली उत्तर, उत्तराखाली गाव आणि तारीख, मग आधाराची वचने, आणि शेवटी संपादकांचा शेरा. शास्त्रीबोवांनी भलतेच वचन दिले असेल तर शेऱ्यात त्यांचा कान धरलेला!

आता हे प्रश्न कसले? मोठमोठ्या संस्थानांचे नव्हेत. अमका वारला, मागे बायको आणि पुतण्या आहे, वारस कोण? दोन मुली, एक सुस्थितीत आणि एक गरीब, बापाची जिंदगी कोणाकडे जावी? गोसावी वारला, त्याचा चेला वारस की पूर्वाश्रमीचा भाऊ? सासऱ्याच्या घरात विधवा सुनेला राहावयास जागा आणि अन्नवस्त्र मिळेल की नाही? या धर्तीचे. वाचता वाचता मला आमची आळीच दिसू लागली. घरे तीच, भांडणे तीच, फक्त कंदिलाच्या जागी विजेचा दिवा.

हा शास्त्री मंडळींचा कारखाना आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली बंगालमध्ये ठरविले की वारसा, विवाह, जात अशा बाबतींत हिंदूंना त्यांचे शास्त्र आणि मुसलमानांना त्यांचा कायदा लावावा. साहेबाला संस्कृत येत नव्हते, म्हणून अदालतीत पंडित आणि मौलवी आले. आपल्याकडे १८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबांना पंचायतीची जुनी रीत राखावीशी वाटत होती, पण ती फार काळ राखता आली नाही. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिथे इतर शास्त्रांबरोबर धर्मशास्त्रही शिकवीत.

१८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनात एक कलम होते. सरकारी कायदा नसेल तिथे देशाची चाल पाहावी, चाल नसेल तर प्रतिवादीचा कायदा पाहावा, तोही नसेल तर न्यायबुद्धीने निकाल द्यावा. हा क्रम ध्यानात ठेवावा. चाल आधी, पोथी मागून! त्याच सुमारास आर्थर स्टील या अंमलदाराने पुण्यात जातीजातींच्या चाली विचारून घेतल्या आणि त्यांचे पुस्तक १८२७ साली छापले. पाट कसा लावतात, नवराबायको वेगळी कशी होतात, हे सारे त्यात आहे. परंतु कचेरीत विचारावयाचे कोणाला? पोथीवाल्या शास्त्र्याला. कुणब्याच्या घरचा तंटा असो की गुरवाच्या, उत्तर याज्ञवल्क्यापासून निघावयाचे. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने तर याच्यावर ताण केली. तो आला विधवांच्या भल्यासाठी. पण पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या जिंदगीवरचा हक्क जातो, असे त्यात घातलेले. ज्या जातींत पाटाची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनाही मुंबई हायकोर्टाने पुढे तोच नियम लावला. ज्यांनी कायदा मागितला नव्हता, त्यांच्या बायकांच्या पदरात हे पडले!

तरी शास्त्र्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. उलट, आपल्या बाजूच्या शास्त्र्यांचे एक ऋण मानले पाहिजे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे त्यांचे मुख्य आधार. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाचा मान मोठा, देशावर मिताक्षरेचा. नीलकंठभट्टांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. काशीला जाऊन नावारूपाला आलेले. सतराव्या शतकातल्या या भट्टांनी बहिणीला वारसात जवळची जागा दिली. कारण काय दिले, तर ती भावाच्याच गोत्रात जन्मली! लग्नानंतर गोत्र बदलते म्हणून तिला दूर लोटणारे पुष्कळ. जन्माचे गोत्र आठवणारा हा एक. इतर प्रांतांत मुलीला बापाची जिंदगी मिळाली तरी बहुधा हयातीपुरती. मुंबई इलाख्यात ती पुरी मालकीण होई. नवऱ्याची परवानगी नसली तरी विधवेला दत्तक घेता येतो, असा निवाडा मुंबई हायकोर्टाने १८६८ साली रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात दिला, तोही महाराष्ट्राच्या चालीवर. (पुढे नांदावयास जाण्याच्या खटल्यात गाजलेल्या डॉक्टर रखमाबाई त्या वेगळ्या.)

पण मी अडकलो तो दुसऱ्याच ठिकाणी. निपुत्रिक मनुष्य वारला, मागे विधवा आहे, आणि भाऊ आहे. अशा प्रश्नाच्या मुळाशी दर वेळी एक शब्द असतो. तो भावापासून विभक्त होता की अविभक्त? विभक्त असेल तर त्याचा वाटा विधवेकडे जावयाचा. तिने हयातभर खावा, विकण्याची मात्र फारशी मुभा नाही. अविभक्त असेल तर सारे भावाकडे. तिला पोटापुरते अन्न, अंगापुरते वस्त्र आणि घरात एक कोपरा. याज्ञवल्क्याने वारसांच्या यादीत पत्नीला पहिली बसविली खरी, पण विज्ञानेश्वराने अर्थ लावला की ही यादी विभक्तापुरतीच.

आणि विभक्तपणा ओळखावयाचा कशावरून? नारदस्मृतीत खुणा दिल्या आहेत. देणेघेणे वेगळे, गुरेढोरे वेगळी, शेत वेगळे, स्वयंपाक वेगळा, जमाखर्च वेगळा. आता आपल्या खेड्यातली घरे डोळ्यांसमोर आणा. चुली दोन, पण गोठा एक. शेत वाटून कसतात, पण सातबाऱ्यावर नाव थोरल्याचे. सणाला पुरण एकत्र शिजते, भांडण झाले की आठ दिवस पुन्हा दोन चुली. हे कुटुंब विभक्त म्हणावयाचे की अविभक्त? खरे तर इथेच सारा निवाडा आहे. पण शास्त्रीबोवांकडे प्रश्न जाई तो हे सारे गाळून. वस्तुस्थिती ठरविणे हे न्यायाधीशाचे काम, शास्त्र्याने केवळ शास्त्र सांगावयाचे. ‘अविभक्त’ हा शब्द प्रश्नात एकदा बसला की शास्त्रीबोवा कितीही दयाळू असोत, उत्तर ठरलेले. त्या बाईची चूल कधीपासून वेगळी होती, हे विचारावयाची त्यांना सोय नव्हती. आणि कागदावर कोणता शब्द बसतो आहे, हे बाईला कळत नव्हते.

१८६४ च्या अकराव्या कायद्याने शास्त्र्यांच्या या जागाच रद्द झाल्या. न्यायाधीशांना आता शास्त्र ठाऊक झाले, असे सरकारने धरून चालले. तीन वर्षांनी वेस्ट-ब्यूलरांचा पहिला भाग निघाला आणि कचेरीतल्या शास्त्र्याची जागा इंग्रजी पुस्तकाने घेतली.

हे वाचीत असताना माझ्या पोटात खड्डा पडला. त्याचे कारण सांगावयास हवे. सांगावेसे वाटत नाही, तरीही.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षांतली, २००० सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या शेजारी एक बाई होत्या. त्यांना आम्ही सारे आक्का म्हणत असू. वय चाळिशीच्या घरात. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्याने माहेरी आणून सोडले, तो फिरकला नाही. वडील होते तोवर माजघराशेजारच्या खोलीत राहत. वडील मृत्युपत्र न करता वारले. घर त्यांनी स्वतः बांधलेले. वर्ष उलटले आणि दोघे भाऊ म्हणू लागले, ‘खोली मोकळी कर.’ आक्का माझ्याकडे आल्या. “मास्तर, तुम्ही लिहितावाचता. मला या घरात राहता येईल का, एवढं कुणाला तरी विचारा.”

त्या काळी एका साप्ताहिकात वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना एक वकील उत्तरे देत. मी पोस्टकार्ड घेतले. लिहिताना ‘नवऱ्याने टाकलेली’ असे शब्द आले, तशी आक्कांनी माझा हात धरला. “ते नका लिहू. छापून येईल. गाव वाचतं.” मी तरुण होतो, संकोची होतो. मी ते कार्ड फाडले आणि दुसऱ्यावर लिहिले, ‘विवाहित मुलगी आहे. वडिलांच्या राहत्या घरात राहण्याचा किंवा वाटणी मागण्याचा हक्क आहे काय?’

उत्तर छापून आले. घरात तुमचा हिस्सा आहे, परंतु कुटुंब त्या घरात राहत असल्याने भाऊ वाटणी करीत नाहीत तोवर तुम्हांला ती मागता येणार नाही. आणि विवाहित मुलीला तिथे राहण्याचा हक्क नाही. विचारले होते तेवढ्याला ते उत्तर अगदी बरोबर होते. आक्कांनी ते दोनदा वाचले. पंधरा दिवसांनी त्या ट्रंक घेऊन पुण्याला गेल्या आणि एका वसतिगृहात स्वयंपाकाला राहिल्या.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तेविसावे कलम होते. ते मी मुळातून वाचले, ते फार उशिरा. त्यात मुलीला वाटणीची मनाई होती हे खरे. पण राहण्याचा हक्क कोणत्या मुलीला, ते तिथेच पुढे लिहिलेले होते. अविवाहित, विधवा, नवऱ्यापासून वेगळी झालेली, किंवा नवऱ्याने टाकलेली. मी फाडलेल्या कार्डावर तोच शब्द होता.

२००५ साली ते कलमच काढून टाकले. ९ सप्टेंबरपासून नवा कायदा आला. त्याने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ सालीच तसा कायदा केला होता, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. (या जन्मतः हक्कासाठी २००५ साली बाप हयात असावा लागतो काय, याची कीस काढीत कोर्टे पुढे पंधरा वर्षे बसली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने ‘नाही’ म्हणून सांगितले.) आक्कांच्या बाबतीत एवढे पुरे होते की राहत्या घराची वाटणी मागण्याची आडकाठी गेली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मी पुण्याला गेलो. वसतिगृहाच्या मागच्या दाराशी त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी सारे सांगितले. कार्डाचेही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. ताटातले खडे वेचून बाजूला टाकीत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही लिहीत होता, मास्तर. हात मी धरला.”

दिवाळीनंतर आम्ही दोघे तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. ही गोष्ट आमच्या गावात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती, मलाही नाही. नेमून दिलेल्या वकीलबाई वयाने लहान होत्या. मी घरून सुरेख अक्षरात अर्ज लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला नाही, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि आक्कांनाच विचारू लागल्या. घर कोणी बांधले? कोणत्या साली? जागा कोणाच्या नावावर होती? वडील कधी वारले? आई आहे का? घरपट्टी कोण भरते? तुमची चूल कुठे होती? कोणत्या कागदावर सही-अंगठा केला आहे का? तासभर हे चालले. दीडशे वर्षांमागे कुणा शास्त्रीबोवाला असे विचारता आले असते तर, असे आज पुस्तक वाचताना माझ्या मनात येते. त्या दिवशी मी नुसता बाकावर बसून ऐकत होतो.

खटला शेवटपर्यंत चालवावा लागला नाही. नोटीस गेल्यावर भाऊ तडजोडीला आले आणि रस्त्याकडची खोली आक्कांच्या नावे झाली.

पण ते पुढचे. त्या दिवशी विचारणे संपल्यावर वकीलबाईंनी कोरा कागद घेतला आणि नाव, वय, धंदा घालून झाल्यावर लिहिले, ‘विवाहित.’ आक्का जरा वाचू शकत. त्यांनी वाकून पाहिले.

“पुढं लिहा,” त्या म्हणाल्या, “नवऱ्यानं टाकलेली.”

“आता त्याची गरज नाही, आक्का,” वकीलबाई समजावू लागल्या. “नव्या कायद्यात तुम्ही मुलगी आहात, एवढंच पुरे.”

“असू दे,” आक्का म्हणाल्या. “लिहा.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली, आणि त्यांनी लिहिले.