निवृत्तीनंतरची दुसरी खेळी

भूमसारख्या तालुक्याच्या गावात 'निवृत्त' म्हणता येईल असा वर्ग लहानच. शेतकरी निवृत्त होत नाही, शेतमजूर होत नाही आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीला तर हा शब्दच लागू पडत नाही. उरतात ते शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटी व बँकांतील कर्मचारी आणि सैन्यातून परतलेले जवान. राज्य शासनाच्या सेवेतील बहुतेकांच्या हाती अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ पडते. पुढे शासन त्यांची आठवण वर्षातून एकदा, नोव्हेंबरात काढते. हयातीचा दाखला मागण्यासाठी! हयात असणे आणि उपयोगी असणे यांतील अंतर तेव्हा चांगलेच जाणवते.

वृद्धांनी समाजातून हळूहळू अंग काढून घेणे स्वाभाविकच आहे, असा सिद्धान्त कमिंग आणि हेन्री या अमेरिकी अभ्यासकांनी १९६१ मध्ये मांडला. त्यावर बरीच टीका झाली. माणूस उतारवयातही आपल्या जुन्या सवयी, कौशल्ये आणि नाती पुढे चालवू पाहतो, असे रॉबर्ट ॲचली यांनी १९८९ मध्ये सांगितले. महाराष्ट्रातील उदाहरणे ॲचली यांच्याच बाजूने साक्ष देतात.

महर्षी कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आज सरकारी नोकर घरी बसतो, नेमके त्याच वयात! पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी आणखी एक मंडळ काढले. अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या लीला पाटील यांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. शिक्षकांना आयुष्यभर जे शिकवले, ते मुलांच्या वर्गात उतरवून पाहण्याची ती संधी होती. केंद्रीय जलसंपदा सचिव राहिलेल्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये आला. भूमसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याला तो विषय परका नाही.

या तिघांनीही वेळ घालवण्यासाठी काही शोधले नाही. हातचे काम अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुढे नेले. निवृत्तांना ओढून आणते ती बहुधा हीच भावना. सन्मान, सत्कार त्यानंतर येतात. ज्येष्ठ नागरिक संघांची जी चळवळ राज्यात 'फेस्कॉम' या महासंघाद्वारे १९८० पासून उभी राहिली, तिने एकटेपणावर मोठा उतारा दिला हे खरे. परंतु वाढदिवस आणि सहली यांवर माणूस फार काळ रमत नाही. त्याला नेमके काम आणि आपली वाट पाहणारे कुणीतरी लागते. बालाघाटाच्या रांगेतील या भागातून तरुण पुण्याकडे जातात. मागे राहिलेल्या गावात अर्ज भरून देणारा, सातबाऱ्यावरील नोंद समजावून सांगणारा, वाचनात मागे पडलेल्या मुलाला तासभर जवळ बसवणारा माणूस हवाच असतो. निवृत्त तलाठी वा गुरुजी हे सहज करू शकतात. अट इतकीच, की कुणीतरी त्यांच्या दारी जाऊन तसे म्हणायला हवे. मोठ्या पदावरून उतरलेला माणूस आपणहून विचारायला कचरतो.

यात पैशाचाही भाग आहे. विनामोबदला सेवा परवडते ती दरमहा ठरलेल्या निवृत्तिवेतनामुळे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत रुजू झालेल्यांना साधारणतः अंशदायी योजना लागू झाली. जुन्या योजनेसाठी त्यांचे २०२३ मध्ये राज्यभर आंदोलनही झाले. ही पिढी निवृत्त होईल तेव्हा आधी घरखर्चाचा हिशेब मांडेल, गावच्या कामाचा नंतर.