सह्याद्रीतील वाटाड्या : त्याचे बक्षीस व त्याचे संकट

मराठ्यांच्या इतिहासाची साधने चाळताना सेनापती, किल्लेदार, वकील व कारकून यांची नावे पदोपदी आढळतात. परंतु ज्याच्या पावलावर पाऊल टाकून हे सर्व लोक रानातून पार झाले, त्या वाटाड्याचे नाव क्वचितच दृष्टीस पडते. सह्याद्रीचे तुटलेले कडे, करवीचे दाट रान आणि पावसाळ्यातील धुके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, या मुलखात घोडदळ व तोफखाना यांपेक्षा वाट माहीत असलेल्या एका माणसाचे मोल अधिक असे. या वर्गाची स्थिती काय होती, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या माहितीमुळे वाटाड्यास बक्षीस मिळे, तीच माहिती त्याच्यावरील संशयाचे कारण होई. आणि जेथे बक्षीस कायमचे झाले, तेथे त्याचेच बंधन झाले.

प्रथम शास्त्राकडे वळू. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहातील पोथीवरून शामशास्त्री यांनी 1909 साली छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणात सैन्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत शेवटचा प्रकार अटवीबल, म्हणजे रानातील लोकांचे सैन्य. ते केव्हा उपयोगात आणावे हे सांगताना, ते मार्ग दाखविणारे असते हा गुण ग्रंथकाराने आरंभीच नोंदविला आहे. त्याचे वेतन मात्र रानातील जिन्नस किंवा लुटीतील वाटा असे असावे, अशी सूचना आहे. पुढे लगेच बजावले आहे की, शत्रूचे फितलेले सैन्य व अटवीबल ही दोन्ही लुटीसाठी आलेली असतात. लूट न मिळाल्यास किंवा संकट ओढवल्यास त्यांच्यापासून सर्पासारखे भय. मार्ग त्याने दाखवावा, पगार इतरांसारखा मिळू नये, आणि विश्वास तर मुळीच नसावा, असा हा व्यवहार आहे. ज्यास लुटीवाचून दुसरे वेतन नाही, त्याने लुटीची आशा धरली तर त्यास दोष किती द्यावा, हा प्रश्न ग्रंथकाराने विचारलेला नाही.

वाट न कळल्याने काय होते, याचे उदाहरण 1661 सालच्या उंबरखिंडीचे आहे. शाइस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला व निबिड अरण्यात कोंडला गेला. परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. खानापाशी शूर माणसे नव्हती असे नाही. पुढे जाण्यास व मागे फिरण्यास वाट नव्हती. अखेर द्रव्य देऊन त्याने सुटका करून घेतली.

याच्या उलट प्रसंग 1679 सालचा. जालना लुटून परत येत असता शिवछत्रपतींस मोगली फौजेने संगमनेरच्या बाजूस गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा आडवाटेने रात्रंदिवस चालवून महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचविणारा मनुष्य म्हणजे बहिर्जी. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत त्यास 'जासूद' म्हटले आहे. पट्ट्यास पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. विश्रांती घेणाऱ्याचे स्मरण गडाच्या नावात राहिले. तेथवर नेणाऱ्याचे स्मरण बखरीतील थोड्या ओळींत. तरीही त्याचे नाव उरले, हे भाग्यच म्हटले पाहिजे.

आता संकटाची बाजू पाहू. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्याचा मुलगा फाजलखान जावळीच्या रानातून निसटला. त्यास कोणी बाहेर काढले? शिवभारताप्रमाणे पळणाऱ्या सरदारांस वाट दाखविणारा प्रतापराव मोरे होय. 1656 मध्ये जावळी गेल्यावर तो विजापूरकरांकडे गेला होता आणि तो मुलूख त्याच्या पायाखालचा होता. ग्रँट डफ याने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात निराळी हकीकत आहे. खंडोजी काकडे या महाराजांच्याच माणसाने मोठी लाच घेऊन खानाच्या कुटुंबास व मुलास कोयनेच्या काठाकाठाने आडवाटेने कऱ्हाडास पोचविले, व हे उघडकीस येताच त्यास देहांत शासन झाले, असे तो लिहितो. जेधे करिन्यात आणखी एक खंडोजी येतो, तो रोहिडखोऱ्यातील खंडोजी खोपडे. तो खानास मिळाला होता. कान्होजी जेध्यांच्या रदबदलीने त्याचा जीव वाचला, परंतु उजवा हात व डावा पाय तोडण्यात आला.

या दोन खंडोजींची पुष्कळदा गल्लत होते. नाव एक म्हणून मनुष्य एक ठरत नाही. एकाचा अपराध वाट दाखविण्याचा, दुसऱ्याचा शत्रूस मिळण्याचा, शिक्षाही भिन्न. कागदपत्रांच्या आधारावाचून ही दोन माणसे एक करू नयेत, असे आम्हास वाटते. परंतु आमच्या विषयास उपयुक्त असे एक तथ्य यातून निघते. लढाई हरलेल्या सरदारास खंडणी देऊन सुटता येई, जसा कारतलबखान सुटला. चुकीच्या माणसास वाट दाखविणाऱ्यास तशी सवलत नव्हती. रानाची माहिती परत घेता येत नाही, म्हणून ती देणाऱ्याचा जीव घेतला जाई.

तिसरी स्थिती वतनाची. गावगाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी माणसास पुढील गावापर्यंत वाट दाखविणे, टपाल पोचविणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही कामे महारांकडे असत. शिवार व रान त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसे. मोबदला म्हणून इनाम जमीन व बलुते मिळे. हे वतन वरवर पाहता मानाचे. पण बोलावणे येईल तेव्हा, ऊन असो वा पाऊस, निघालेच पाहिजे, अशी त्याची अट होती. 1874 च्या वतन कायद्याने ही चाकरी इंग्रजी अमलातही चालू राहिली. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. बक्षीस म्हणून दिलेली वस्तू सुटण्यासाठी इतकी वर्षे झगडावे लागले, यावरून तिचे खरे स्वरूप ध्यानात येईल.

शेवटी एक अनुभव सांगतो. शिक्षकी पेशात असता सुटीत मी एका वृद्ध धनगरासह जावळीच्या बाजूची एक जुनी वाट पाहावयास गेलो होतो. अर्ध्यावर तो थांबला व करवीच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, बाप होता तवर वाट हितनंच जायाची. आता मोडली." त्याच्या मुलांनी ती पाहिलेली नव्हती. मी टिपणवहीत दिशा तेवढी लिहून घेतली.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, जुने रुमाल सोडताना राजपत्रांबरोबर खर्चाच्या यादीही जपाव्या. वाटाड्यास दिलेले पागोटे, दोन रुपये, शेरभर धान्य, अशी एखादी नोंद जेथे सापडेल, तेथे तिची तारीख, गाव व घाटाचे नाव उतरून घ्यावे. वाट मोडली तरी ती कोणी दाखविली, एवढे तरी कागदावर राहील.