एक नंबर, दोन नंबर

ओढ्याकाठच्या आमच्या पेरूच्या बागेला राघूंची धाड असायची. दिवस उजाडायच्या आत थवा उतरायचा. एक पेरू धड खाईल तर शपथ. दोन चोची मारायच्या, खाली टाकायचा, की दुसऱ्यावर. आजी गोफण घेऊन माळ्यावर उभी राहायची. तिची हाळी शिवारभर घुमायची. पण आजी थकली, हात चालेना, आणि १९७८ सालच्या दिवाळीनंतर आबांनी जाहीर केलं, "औंदा छऱ्याची बंदूक आणायची."

खऱ्या बंदुकीचं नाव काढायची सोय नव्हती. गोऱ्यांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला, परवाना राहिलाच. छऱ्याच्या बंदुकीला मात्र सूट होती. इंचभर जाडीची लाकडी फळी छर्रा आरपार भेदत नाही ना, एवढी कसोटी. त्यामुळं साधा शेतकरीही दुकानात जाऊन ती विकत घेऊ शकत होता.

आबा, थोरले तात्या आणि मी एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. तात्या पलटणीतून पेन्शनीत आलेले. दुकानदारानं दोन बंदुका टेबलावर ठेवल्या. दोन्हींचा लाकडी दस्ता तसाच, नळी मोडून छर्रा घालायची रीतही तीच.

"ही एक नंबर, ही दोन नंबर. कुठली देऊ?"

आबांनी नळीच्या भोकाला डोळा लावला. "मोठ्या भोकाची द्या. पैसं तेवढंच, तर बारीक कशाला घ्यायची?"

"आन्ना, जरा थांब," तात्या म्हणाले. "राघू उठवायला घ्यायची का रानडुक्कर मारायला?"

हे नंबर कुठून आले, ते मला फार पुढं वाचताना कळलं. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफरीज नावाच्या बंदूकवाल्यानं १९०४ साली स्प्रिंगच्या रायफलीचं पेटंट घेतलं आणि १९०५ पासून बी.एस.ए. कंपनी ती बनवू लागली. गोऱ्या फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफली बनवणारीच ही कंपनी. तिनं नळ्यांना नंबर दिले. ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, ती एक नंबर. ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटर, ती दोन नंबर. पाव इंचाची तीन नंबर. तिकडं गुत्त्यांमधून नेमबाजीच्या शर्यती लागायच्या. पत्र्याच्या भोकातून छर्रा नेमका गेला की मागची घंटा वाजायची. त्या खेळाला एक नंबर. शेतातल्या उंदराला, सशाला दोन नंबर. ती नावं समुद्र ओलांडून आमच्या टेबलापर्यंत आली होती.

तात्यांनी तिथंच शिकवणी घेतली. स्प्रिंग दाबली की दट्ट्या मागं जातो. चाप ओढला की तो पुढं झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला ढकलते. "स्प्रिंग तीच, जोर तेवढाच. बारक्या छऱ्याला दिला तर तो पळतो, जड्याला दिला तर तो चालतो. जडा लागला तर दणका मोठा. पण लांबच्या पल्ल्याला तो लौकर वाकतो."

पुढं मी मास्तर झालो तेव्हा वहीत हिशेब मांडला. एक नंबरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, दोन नंबरचा ०.९ ग्रॅमचा. नळीतून दोघांनाही १० ज्यूल ऊर्जा मिळाली असं धरलं, तर पहिला सेकंदाला २०० मीटर वेगानं सुटतो, दुसरा सुमारे १५० मीटरनं. हवेचा अडथळा सोडला तरी २५ मीटरवर पोचेपर्यंत पहिला पावणेआठ सेंटिमीटर खाली येतो, दुसरा साडेतेरा. तात्यांना गणित येत नव्हतं, पण त्यांचं म्हणणं सहा सेंटिमीटरच्या फरकानं खरं होतं.

आबांनी मात्र मोठीच घेतली. खरं सांगायचं तर घरधन्याला बारीक भोकाची बंदूक घेऊन गावात शिरणं कमीपणाचं वाटत होतं.

घरी आल्यावर तात्यांनी पंधरा पावलांवर खोका ठेवून माशी जुळवून दिली. नेम तेवढ्या पल्ल्याला बरोबर. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, दट्ट्या आपटून स्प्रिंग मोडते, हेही बजावलं. आणि शेवटी म्हणाले, "नेम धरायच्या आधी नेमाच्या मागं काय हाय, ते बघायचं."

हे मी ऐकलं आणि विसरलो.

माघात एका सकाळी आबा बाजाराला गेले होते. मी तेरा वर्षांचा. बांधावरच्या पेरूवर राघू बसला होता, पंचवीस-तीस पावलांवर. मी माशी त्याच्या छातीवर धरली आणि चाप ओढला. राघू उडाला. छर्रा त्याच्या पायाखालून गेला आणि बांधापलीकडं किंकाळी उठली. शेजारच्या वस्तीवरचा माझा सोबती शेळीला पाला काढत वाकला होता. छर्रा दंडात रुतला होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तो काढला. त्याचा बाप पोलिसांत गेला नाही. आमच्या ओसरीवर येऊन एवढंच म्हणाला, "आण्णा, चार बोटं वर लागला असता तर पोराचा डोळा होता." आबा मान वर करू शकले नाहीत. त्या दिवसापासून बंदूक तुळईला टांगली गेली.

बरीच वर्षं मी मनाची समजूत घातली, एक नंबर घेतली असती तर नेम वाकला नसता. ते खरं नाही. एक नंबरचा छर्राही वाकतोच, आणि राघूला लागला असता तर ते तरी काय बरं होतं? आज तर राघू वन्यजीव कायद्यानं राखलेला पक्षी आहे. चूक भोकाची नव्हती. मी बांधापलीकडं बघितलं नव्हतं.

२०१६ साली हत्यारांचे नवे नियम आले. साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोर असेल, तर परवाना लागणार. तुळईवरची आबांची बंदूक त्या दिवशी खरोखरच दोन नंबरची झाली. मी ती उतरवली, पुसली आणि पोलीस ठाण्यात जमा केली.

२०२४ च्या ऑगस्टात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ जिंकलं. पारावर पोरं म्हणाली, छऱ्याच्या बंदुकीनं जिंकलं. मी सांगितलं, ती ५० मीटरची काडतुसाची रायफल. १० मीटरची असते ती हवेची, तिच्यात दाबून भरलेली हवा असते, पण नळी तीच साडेचार मिलिमीटरची, एक नंबर. २०२२ साली कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील तिच्यावरच जगज्जेता झाला.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, मला शिकायचंय. कुठली घ्यायची?"

"एक नंबर," मी म्हणालो. "पण आधी चल, बांधापर्यंत जाऊन येऊ."

तो सोबती अजून तिथंच राहतो. दंडावरचा वण त्यानं स्वतःच नातवाला दाखवला.