निवृत्त औषधाची पुनर्नियुक्ती

मातीत वस्ती करणाऱ्या एका जंतूपासून कोयामा व त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये जे प्रतिजैविक वेगळे केले आणि १९५० साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते कोलिस्टिन आज अतिदक्षता विभागात, बाकीची औषधे हरल्यावर, रुग्णाच्या शिरेत सोडले जाते. परंतु अखेरच्या उपायाचा हा मान त्याला कोणी विचारपूर्वक दिला, असे समजण्यास इतिहासात आधार नाही.

तो काळ विपुलतेच्या ध्यासाचा होता. पिंपरीस १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा सरकारपुढे प्रश्न होता तो पेनिसिलिन गरिबाच्या ऐपतीत आणि मुबलक कसे मिळेल हा. एखादे औषध मुद्दाम राखून ठेवावे, हा विचार त्या पिढीला सुचला नाही आणि त्याबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे होईल. कारण न्यूमोनियाने आणि बाळंतज्वराने घरची माणसे गेलेली ज्यांनी पाहिली होती, त्यांच्या लेखी टंचाई औषधाची होती, त्याच्या गुणाची नव्हे.

कोलिस्टिनची मारक शक्ती प्रथमपासूनच निर्विवाद होती. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य आवरणावर ऋणभार असतो; धनभारित कोलिस्टिन तेथे चिकटते, आवरणाची घडण विस्कटते आणि जंतू मरतो. पण रुग्णाच्या मूत्रपिंडालाही ते सोसत नाही. अमेरिकेत ३१७ उपचारक्रमांची छाननी होऊन तिचा वृत्तान्त १९७० साली छापला गेला, त्यात सुमारे एकपंचमांश वेळा मूत्रपिंडाला अपाय झाल्याचे नमूद आहे. जेंटामायसिन आणि पुढे सेफालोस्पोरिन हाताशी आल्यावर असले औषध कोण वापरणार? ते मागे पडले.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याला परत बोलावणे आले, ते क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास या जंतूंनी एकेक औषध निकामी करीत आणल्यामुळे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कार्बापेनेम वर्गाच्या औषधांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे प्रतिरोधक जनुक सापडल्याचे लिहिले, तेव्हा या संकटाची व्याप्ती आपल्या उंबरठ्याच्या आत आल्याचे स्पष्ट झाले.

औषध परतले, परंतु ते वापरण्याची विद्या त्याच्याबरोबर परतली नाही. एका देशातील कुपीवर मात्रा युनिटांत छापलेली, तर दुसऱ्या देशातील कुपीवर मिलिग्रॅममध्ये. आणि दहा लाख युनिट म्हणजे टोचावयाच्या क्षाराचे सुमारे ८० मिलिग्रॅम, पण प्रत्यक्ष कोलिस्टिनचे केवळ ३३ च्या आसपास, हा हिशेब चुकला तर रोगी एकतर औषधाविना राहावयाचा किंवा मूत्रपिंड गमावून बसावयाचा. शिवाय टोचलेल्या क्षाराचे शरीरात कोलिस्टिन होण्यास बराच वेळ लागतो, म्हणून पहिलाच डोस ९० लाख युनिटांचा द्यावा, हे ध्यानी येण्यास नव्या शतकातील मोजमापे व्हावी लागली. प्रयोगशाळेतही तीच अडचण: आगरच्या थाळीवर औषधाची चकती ठेवून तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजण्याची जी रोजची रीत, ती येथे निरुपयोगी ठरते, कारण कोलिस्टिनचा थोरला रेणू आगरमध्ये नीट पसरत नाही. त्यासाठी लहान खळग्यांच्या पट्टीत औषधाचे निम्म्यानिम्म्याने उतरते द्रावण भरून, त्यात जंतू सोडून, ते रात्रभर उबवावे लागते आणि कोणता खळगा गढूळला व कोणता नितळ राहिला, हे सकाळी पाहावे लागते. २०२० पासून तर अमेरिकी मानक संस्थेने कोलिस्टिनच्या बाबतीत ‘संवेदनशील’ हा शेराच काढून टाकला.

मला सर्वांत क्लेशदायक वाटतो तो या कथेचा दुसरा भाग. माणसांच्या वैद्यकाने ज्या दशकांत कोलिस्टिन विस्मृतीत टाकले, त्याच दशकांत ते डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, आणि तेही नेहमी रोगासाठी नव्हे, जनावरे लवकर वाढावीत म्हणून. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी त्याचा परिणाम जगापुढे मांडला: डुकरांतील ई. कोलाय जंतूंत एमसीआर-१ हे जनुक त्यांना सापडले, जे आवरणाचा ऋणभार घटवून कोलिस्टिनला दूर ठेवते आणि प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतील सुट्या डीएनए-कड्यावर, स्वार असल्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. दवाखान्यात जे औषध थेंबाथेंबाने, मूत्रपिंडाची प्रकृती सांगणाऱ्या क्रिएटिनिनवर नजर ठेवून द्यावयाचे, ते गोठ्यात पोत्यांनी खर्ची पडत होते, आणि दोन्हीकडील दप्तरे परस्परांना ठाऊकच नव्हती.

बंदोबस्त झाला तो त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये कोलिस्टिनला राखीव वर्गात घातले. चीनने त्याच वर्षी वाढीसाठीच्या खाद्यातून ते हद्दपार केले. भारत सरकारने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने खाद्योपयोगी जनावरे, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांस मनाई केली आणि तशी ताकीद वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. असल्या हुकमांचा अंमल कागदावरच राहतो, अशी आपली समजूत अनुभवातून झालेली आहे खरी. परंतु बंदीनंतर चीनमध्ये जी पाहणी झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात एमसीआर-१ चे प्रमाण डुकरांत तर घटलेले आढळलेच, पण ज्या माणसांच्या आतड्यांत ते जनुक वास करते त्यांची संख्याही उतरलेली दिसली.