कोल्हापूरचे तालीम फुटबॉल संघ

कोल्हापूर शहराच्या पेठांत वाढलेली फुटबॉल संघांची परंपरा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्तीच्या तालमी फोफावल्या. पुढे त्याच तालमींनी आणि तरुण मंडळांनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही यांतील ठळक नावे. कुस्तीच्या या शहराला फुटबॉलचे एवढे वेड असावे, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. तालमीच्या आखाड्यातली ईर्षाच मैदानात उतरली, एवढे ध्यानात घेतले की ते उलगडते.

संघांमागे कोणाचे बळ असते, याबाबत दक्षिण कोरियाशी तुलना उद्‌बोधक आहे. तेथील पोहांग स्टीलर्स हा संघ 1973 मध्ये एका पोलाद कंपनीने उभारला. 1983 मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि 1997, 1998 व 2009 मध्ये पोहांग आशियाई क्लब विजेता ठरला. तेथे संघामागे कारखाना होता, कोल्हापुरात पेठ आहे. येथील संघांचा खर्च वर्गणी व देणगीदारांवर चालतो. तरी काही संघांनी आफ्रिकी खेळाडूही आणले.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. पेठांच्या लढतींना स्टेडियम खचाखच भरते. समर्थकांच्या हुल्लडबाजीने खेळाला गालबोटही लागले आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मोहन बागानकडून खेळलेला निखिल कदमही याच शहराचा.