देवी काढण्याचा हंगाम

श्रींच्या उत्सवास जमणाऱ्या आपल्या महाजन मंडळींत पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही गृहस्थाचा वा भगिनीचा दंड पाहिला, तर त्यावर खोलगट असा एक वण बहुधा आढळून येईल. तो देवी काढल्याचा वण होय. (तरुणांच्या डाव्या दंडावर जो बारीक वण असतो तो क्षयाच्या लशीचा, तो निराळा.) हा वण आपल्या मुलाच्या दंडावर उमटू द्यावा की नाही, आणि द्यावा तर केव्हा, या विचाराने आपल्या पणजोबा-पणजींच्या पिढीची झोप उडविली होती. त्यांना अडाणी व धर्मभोळे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे प्रथाच पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकास ती अन्यायाची वाटते.

देवीची लस हिंदुस्थानात प्रथम आली ती मुंबईस. व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांच्या प्रयत्नाने ती कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला मारीत आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर धरली. आणलेली इतर लस वाया गेली होती. या एकट्या बालिकेच्या फोडातील लशीने मुंबईतील आणखी पाच मुलांना टोचण्यात आले, आणि त्यांच्यापासून ती पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली.

या हकिकतीतच आईबापांच्या शंकेचे मूळ आहे. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. ती मुलाच्या दंडावरच टिकवावी लागे. एका मुलास टोचल्यावर आठव्या दिवशी त्याचा फोड भरून येई. तो फोडून त्यातील पाणी दुसऱ्याच्या दंडात घालावयाचे, त्याचे तिसऱ्याच्या, अशी ती साखळी. म्हणजे देवी काढणारा दारात येई तो एकटा नव्हे. त्याच्यासोबत कोणाचे तरी लेकरू असे. हे मूल कोणाचे, त्याच्या अंगी काय रोग आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. जातीचा विटाळ हे कारण त्यात होतेच. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही होती. आठवड्याने तोच मनुष्य परत येऊन आपल्या तापाने फणफणलेल्या मुलाचा फोड फोडणार व त्यास उचलून दुसऱ्या गावी नेणार, ही धास्ती कोणत्या मातेस वाटणार नाही? अशी मुले बहुधा गरिबाघरची असत; ज्याच्या शब्दाला वजन, त्याचे मूल सुटत असे.

सरकारी अंमलदारांना मात्र वाटले की अडचण केवळ शास्त्राधाराची आहे. मद्रासेकडील संस्कृतज्ञ अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी लशीची थोरवी गाणारे संस्कृत पद्य स्वतः रचले, ते जुन्या कागदावर लिहविले व प्राचीन म्हणून पुढे केले. हेतू चांगला, पण खोट्या पोथीने कोणत्या आईची काळजी दूर व्हावी?

तिची शंका निराधार नव्हती, हे पुढे युरोपातच सिद्ध झाले. १८६१ मध्ये इटलीतील रिव्हाल्टा गावी अशाच दंडोदंडी टोचणीतून चाळीसच्या वर मुलांना उपदंशाची बाधा झाली. तेव्हा वासराच्या अंगावर लस वाढविण्याच्या पद्धतीस तिकडे चालना मिळाली. मुंबईत ही पद्धत रुजविण्याचे श्रेय डॉ. अनंत चंद्रोबा डुकले यांच्याकडे जाते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबरचे ते एक. विद्वान व पुढारी म्हणून भाऊ दाजींचे नाव सर्वतोमुखी झाले. लहान मुलांच्या दंडांत आयुष्य घालविणाऱ्या डुकल्यांचे मागे पडले.

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने देवी काढणे सक्तीचे झाले. त्यानंतर नगरपालिका व छावण्यांसाठी १८८० चा कायदा आला. त्यातील एक कलम मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ज्या गावी मानवी लस ठरलेली असेल, पण वासराची मिळत असेल, तेथे पालकाने एक रुपयाच्या आतबाहेर नव्हे, तर फार तर एक रुपया फी भरून वासराची लस मागावी; उलट वासराची ठरलेली असून ती नको असेल, तर मानवी मागावी. टोचण्याची सक्ती होती, परंतु कशाने टोचावे यात आईबापांचे ऐकले जाणार होते. अर्थात त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती.

उरला प्रश्न 'केव्हा' हा. तो अधिक अवघड, कारण येथे दोन ऋतू एकमेकांवर उठले होते. उन्हाळ्यात लस मरते, म्हणून टोचणीचा हंगाम हिवाळ्याचा. देवीची साथ मात्र फाल्गुन-चैत्रापासून पेटे. हिवाळ्यात मूल खोकत असे, दात येत असत. कायद्यातही अशक्त मुलास त्या हंगामापुरती सूट देण्याची तरतूद होती. 'पुढल्या वर्षी पाहू' हे बोलणे शहाणपणाचे वाटे. पण पुढले वर्ष येण्याआधी चैत्र येत असे, आणि लस न टोचलेल्यांस देवी आल्या तर दहांतले तीन दगावत. वाचलेल्यांत कित्येकांची दृष्टी जाई.

पुढे बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोत वासरांवर तयार झालेली लस गावोगाव जाऊ लागली आणि सोबत येणारे ते परके मूल नाहीसे झाले. १९७४ मध्येही भारतात १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली होती. मे १९७५ नंतर एकही नाही. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग.

ती बातमी मी माझ्या आजीस वाचून दाखविली. तिने विचारले, आता टोचायला कोणी येणार नाही ना? नाही म्हणताच ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने प्रथमच आम्हांला धाकट्या काकांविषयी सांगितले, ज्यांचे नावही घरात कोणी घेत नसे. थोरल्या दोघांना तिने टोचून घेतले होते. धाकट्यास दात येत होते, अंग कोमट होते, म्हणून टोचणारा आला तेव्हा ती त्यास घेऊन माळ्यावर बसली. पौष महिना होता. चैत्रात दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले व घरातली फोडणी बंद झाली. आजीने देवीला बोल लावला नाही, टोचणाऱ्यालाही नाही. तो माणूस खालून दोनदा हाक मारून गेला, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.